प्राध्यापक ऑनलाइन साहित्य वापरतात, मग स्वतःचं का देत नाहीत?

मांजराकाठ

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा (स्वारातीम) विद्यापीठाला संलग्न, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय इथे मांडते. इथे शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही आहेत, म्हणून.

"आपले प्राध्यापक ऑनलाइन साधनांच्या विरोधात आहेत, त्यांची मानसिकता बदलायला हवी" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक कार्यशाळेत ऐकते. मला हे निदानच चुकीचं वाटतं. ग्रंथालयाच्या टेबलावरून मला जे दिसतं ते वेगळं आहे. आमच्याकडचे प्राध्यापक ऑनलाइन साहित्य भरपूर वापरतात. संशोधन करणारे रोज शोधगंगा, म्हणजे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, उघडतात. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम पेशीविभाजनाचे व्हिडिओ घरून पेनड्राइव्हवर आणून वर्गात दाखवतात, कारण त्या वर्गापर्यंत वाय-फाय पोचत नाही. वाणिज्यचे सर जीएसटीतला प्रत्येक बदल यूट्यूबवर पाहूनच तासाला जातात. एन-लिस्टचा (महाविद्यालयांना ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं पुरवणारी योजना) पासवर्ड विसरला म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेलेही असतात. हा विरोध नव्हे.

अडतं ते देण्यापाशी. आम्ही महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एक पान उघडलं. प्रत्येक विषयाची टिपणं, व्याख्यानं, प्रश्नसंच तिथे ठेवायचे, म्हणजे आपल्याच नव्हे तर कुठल्याही गावच्या विद्यार्थ्याला ते मिळतील. प्राचार्यांनी परिपत्रक काढलं. जमा काय झालं? अभ्यासक्रमाच्या पीडीएफ, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्यांच्या व्हिडिओंच्या लिंका. स्वतः लिहिलेलं, स्वतः बोललेलं असं फक्त दोघांनी दिलं.

आणि त्याच वेळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय फिरत असतं? वहीच्या पानांचे मोबाइलने काढलेले फोटो. पान जरा तिरकं, कडेला धरणाऱ्याचा अंगठा. निळ्या शाईत मुद्दे, लाल शाईत "१० गुणांसाठी". एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाता जाता फोटो इतका पुसट झालेला की शेवटची ओळ अंदाजानेच वाचायची. त्यावर सरांचं नाव नसतं, पण अक्षर सगळं कॉलेज ओळखतं. म्हणजे टिपणं आहेत, चांगली आहेत, मुलं त्यांच्यावरच पास होतात. उघड्यावर मात्र येत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकते ती एक विसंगती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावा लागतो आणि तो शोधगंगेवर जगाला खुला होतो. आमच्या कित्येक प्राध्यापकांचे प्रबंध तिथे पानन् पान वाचता येतात. जो प्रबंध मोजके अभ्यासक उघडणार तो खुला, आणि बी.ए. प्रथम वर्षाच्या पोराला ज्याची रोज गरज आहे ती टिपणं कपाटात! प्रबंध खुला करायला नियम होता म्हणून झाला का? की प्रबंधाला मार्गदर्शकाची, परीक्षकाची सही असते आणि टिपणाला आपण एकटेच जबाबदार असतो, म्हणून?

हे आता तातडीचं का आहे तेही सांगते. स्वयम्, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत ऑनलाइन अभ्यासक्रमांतून २० टक्के श्रेयांकांपर्यंत (क्रेडिट्स) मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत गेली. कागदावर हे उत्तम आहे. पण तिथलं बहुतेक शिक्षण इंग्रजीत, काही हिंदीत. आमचा विद्यार्थी परीक्षा मराठीत लिहितो. आयआयटीतल्या प्राध्यापकाचं व्याख्यान आणि औसा-उदगीरकडचा आमचा विद्यार्थी यांच्यात जे अंतर आहे ते भरून काढणारा माणूस त्याच्याच महाविद्यालयात रोज फळ्यासमोर उभा असतो. त्याचं म्हणणं जाळ्यावर आलं नाही, तर तिथे या पोरांसाठी राहतं काय? गाईडवाल्यांचे व्हिडिओ.

शिकवणाऱ्यांना सरळ विचारते. काय झालं तर तुम्ही आपलं लिहिलेलं, आपल्या नावानिशी, सगळ्यांसाठी खुलं ठेवाल?

पूर्णाकाठ

चांगला विषय काढलात मॅडम. वाचतोय. सविस्तर रात्री लिहितो.

सिंदफणा

मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणानं लिहितो. मी अर्थशास्त्र शिकवतो, घड्याळी तासिकेवर (सीएचबी). नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी., दोन्ही झालेलं. दरवर्षी नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत, नव्यानं आदेश. पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. टिपणं काढायला, व्हिडिओ करायला जो वेळ जातो तो कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

आता माझ्या जागी बसून विचार करा. मी पूर्ण पेपरची व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून संस्थेला दिली. पुढच्या वर्षी "व्याख्यानं तर आहेतच, तास कमी करू" असं कोणी म्हणालं तर मी काय करायचं? असं होईलच असं मी म्हणत नाही. पण ही भीती आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आहे आणि ती काढून टाकायला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

दुसरं सांगतो, हे जास्त लागलेलं आहे. कोविडात सगळं बंद झालं तेव्हा एका महाविद्यालयात मी होतो. व्हिडिओ करायला आम्हा सीएचबीवाल्यांना सांगितलं, कारण मोबाइलवर हात आमचा बसलेला. रात्री पोरं झोपल्यावर भिंतीला पांढरी चादर लावून मी चलनवाढीचा पूर्ण घटक बोललो. चॅनेलवर चढला तेव्हा पहिल्या पाटीवर नाव विभागप्रमुखांचं. माझं कुठंच नाही. आवाज माझा, आकृत्या माझ्या, नाव दुसऱ्याचं.

तुम्ही म्हणता नावानिशी खुलं ठेवा. आमचं नाव राहील याची हमी कोण देतं? ती मिळाली तर मी उद्या देतो. पैसे नकोत मला त्याचे.

दुधनाकाठ

मी इतिहास शिकवतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. कार्यशाळेतले वक्ते ज्यांना विरोधक म्हणतात त्यांच्यात माझी गणना होत असावी, म्हणून बाजू मांडतो.

माझा आक्षेप साधनांना नाही. ती कशाची जागा घेत आहेत, याला आहे. टिपणं वर्गाबाहेर मिळू लागली की वर्ग ओस पडतो, हे मी पाहतो आहे. ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर राहिला. तालुक्याच्या महाविद्यालयात पहिल्या पिढीचा विद्यार्थी येतो, त्याला टिपणाइतकीच गरज असते ती समोर बसून प्रश्न विचारायची, चुकीचं उत्तर द्यायची, चारचौघांत उभं राहून बोलायची. वर्गात ज्या मुलीचा आवाज पहिल्या सत्रात ऐकूच येत नव्हता, ती तिसऱ्या सत्रात रझाकारांच्या काळावर आपल्या आजोबांनी सांगितलेलं वर्गापुढे मांडते. ही वाढ व्हिडिओने होत नाही. मी माझं सगळं जाळ्यावर ठेवलं आणि ती मुलगी घरीच थांबली, तर नुकसान तिचं आहे.

भाषेचा मुद्दा मात्र मॅडमनी अचूक पकडला आहे. त्यात आपल्या भागाच्या इतिहासातलं एक उदाहरण आठवावं असं वाटतं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं, तोवर आपल्याकडची महाविद्यालयं उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. उस्मानियाची स्थापना १९१८ ची, शिक्षणाचं माध्यम उर्दू. आपल्या मराठी पोरांना ती परकी भाषा होती, त्याचं दुःख आपल्या आधीच्या पिढ्यांनी भोगलं, ते मी पुसट करत नाही. पण त्या राजवटीने एक गोष्ट नीट ओळखली होती. उर्दूत उच्च शिक्षण द्यायचं तर उर्दूत पुस्तकं लागतील, आणि ती आपोआप होणार नाहीत. म्हणून वर्ग भरायच्या आधीच भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं केलं, दार-उल-तर्जुमा. पगारी भाषांतरकार नेमले, परिभाषा ठरवायला समित्या बसवल्या, आणि विज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ तयार करून घेतले.

मराठीतही प्रयत्न झाले. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तकं माझ्या कपाटात आजही आहेत आणि त्यांतली काही अजून वापरावी अशी आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता संगणकावर शोधता येतात. मराठी विश्वकोश तर सगळाच जाळ्यावर आहे. ही सगळी कामं संस्थांनी केली, माणसं नेमून केली. आज मात्र एकेकट्या प्राध्यापकाला परिपत्रक काढून "ई-कंटेंट द्या" म्हणतात. वर सिंदफणा यांनी लिहिलं आहे तशा माणसाला, ज्याला सुट्टीचा पगारही नाही. हे न्यायाचं नाही.

मांजराकाठ

@दुधनाकाठ सर, उस्मानियाचं उदाहरण फार मोलाचं आहे. पुढच्या बैठकीत मांडते. संस्थेने जबाबदारी घ्यायला हवी हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते खातं उभं राहीपर्यंत जी पोरं प्रवेश घेतायत त्यांचं काय, हा माझा प्रश्न उरतोच.

हजेरीबद्दल मात्र मला वेगळं दिसतं. आमच्याकडे जे वर्गात येत नाहीत त्यांतले खूप जण टिपणं मिळाली म्हणून घरी थांबलेले नाहीत. ते रोजाने जातात, मोंढ्यात हिशेब लिहितात, काही पुण्याला कंपनीत आहेत आणि परीक्षेपुरते येतात. त्यांच्यासाठी वर्ग की टिपण असा पर्यायच नाही. टिपण किंवा काहीच नाही, एवढंच.

@सिंदफणा सर, नावाच्या हमीबद्दल कायद्यात काय आहे ते बघून नीट लिहिते. घाईने लिहायची गोष्ट नाही ती.

बालाघाट

मी विद्यार्थिनी आहे, एम.ए. राज्यशास्त्र. इथं शिकवणाऱ्यांनी लिहावं असं मॅडमनी म्हटलंय तरी राहवलं नाही.

आमचं गाव ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला असताना आईचं ऑपरेशन झालं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली होती आणि कोयता म्हणजे जोडी, एकटा माणूस चालत नाही. म्हणून आईच्या जागी बाबांसोबत मी गेले.

आमचे राज्यशास्त्राचे सर तास घेताना फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड करायचे आणि तास संपला की ग्रुपवर टाकायचे. व्हिडिओ नव्हे, नुसता आवाज. मला तेच सोयीचं होतं. कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या आमच्या झोपडीत, लाइट नाही. कारखान्यावर गाडी खाली करायला नंबर लागायचा तेव्हा तिथल्या टपरीवर फोन चार्जिंगला लावायचा, तेवढ्यात डाउनलोड करून घ्यायचं. व्हिडिओ त्या रेंजमध्ये उतरलाच नसता. रात्री भाकरी झाल्या की कानाला लावून ऐकायचं. पंख्याची घरघर, कुणी उशिरा आलं की सरांचं "या, बसा", मागच्या बाकावरच्यांची कुजबुज, सगळं यायचं त्यात. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ आणि त्यावरचा १९९४ चा बोम्मई खटला मी असा शिकले. राज्यपालांचा अहवाल, विधानसभेत बहुमत सिद्ध करायचं, ते सर दोनदा सांगायचे, कारण वर्गात कुणीतरी दोनदा विचारायचं. मला प्रश्न विचारता येत नव्हता, पण माझ्या मनातला प्रश्न दुसरं कुणीतरी विचारायचं.

दुधनाकाठ सरांचं म्हणणं मला पटतं. वर्गात बसल्यावर जे मिळतं ते आवाजात मिळत नाही, मला परत आल्यावर कळलं ते. पण सर, त्या सत्रात माझ्याकडे वर्ग नव्हताच.

आणि एक. ते आवाज फक्त आमच्या ग्रुपवर होते. माझ्याच टोळीत शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा एक मुलगा होता, तोच पेपर, तोच अभ्यासक्रम. त्याच्या कॉलेजात असं काही नव्हतं. मी त्याला माझ्या फोनवरून द्यायचे.

कयाधू

बालाघाट ताई, तुमच्या सरांना नमस्कार सांगा आमचा.

पूर्णाकाठ

उशीर झाला, क्षमस्व. मी भौतिकशास्त्र शिकवतो, परभणीकडे.

विज्ञानात परिस्थिती थोडी बरी आहे. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींची ऑनलाइन व्याख्यानं, २००३ पासून आहे, आणि त्यातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरंही झाली आहेत. प्रयोगशाळेत उपकरण बंद असेल तेव्हा व्हर्च्युअल लॅब्सवर निदान प्रयोगाची रीत दाखवता येते. बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. तरी पोरं मराठीतून समजावलेलं मागतात. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला "मोमेंट ऑफ इनर्शिया" म्हणजे जडत्व आघूर्ण हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसते.

पण मला लिहायचंय ते गुणांबद्दल, कारण मूळ तिथं आहे असं मला वाटतं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत संशोधन गुणांचा तक्ता आहे. त्यात चार चतुर्थांशांतल्या ई-कंटेंटच्या एका मोड्यूलला ५ गुण, पूर्ण अभ्यासक्रमाला १२, चार श्रेयांकांच्या संपूर्ण मूकला (सगळ्यांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) २०. संशोधन लेखाला विज्ञानात ८, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. आता चार चतुर्थांश म्हणजे काय? व्हिडिओ, लिखित मजकूर, पूरक साहित्य व चर्चा, आणि स्वाध्याय-चाचणी. चारही हवेत. हे काम स्टुडिओ, संपादक, तांत्रिक माणूस असलेल्या विद्यापीठाच्या विभागात होतं. बालाघाट यांच्या सरांनी जे केलं, टेबलावर फोन ठेवून सगळं वर्ष मुलांना शिकवलं, त्या सुट्या आवाजांना या तक्त्यात जागाच नाही. आणि ज्या लेखासाठी १० गुण मिळतात तो कित्येकदा पैसे भरून छापलेला असतो, हे आपण सगळे जाणतो.

पदोन्नतीची फाइल करताना माणूस काय करणार? जे मोजलं जातं तेच तो करतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की मग लिंका गोळा करायची धावपळ, आणि समिती गेली की ते पान पुन्हा कुणी उघडत नाही. विद्यापीठांनी आपल्या पातळीवर साधा नियम करावा: सलग एक सत्र स्वतःचं शिकवणं मराठीत खुलं ठेवलं, तर त्याची नोंद सेवापुस्तकात. त्याला पैसाही लागत नाही.

तेरणाकाठ

मी भूगोल शिकवतो. सगळ्यांचं वाचलं. माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा आहे.

मी वर्षानुवर्षं भूकंपाच्या घटकाला बाहेरचेच व्हिडिओ दाखवत आलो. ते देखणे असतात, भूपट्ट सरकताना दिसतात, हिमालय उचलला जाताना दिसतो. त्यात सांगतात की भूकंप मुख्यतः पट्टांच्या सीमांवर होतात. बरोबरच आहे ते. पण आमच्या वर्गात लोहारा, उमरगा, औसा इथली मुलं बसतात. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, मग किल्लारी?"

३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का. सुमारे १० हजार माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. पट्टाच्या सीमेपासून दूर, खंडाच्या पोटात, कमी खोलीवर झालेला हा भूकंप जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यासला. आणि माणसं इतकी का गेली याचं उत्तर आपल्या घरांत आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. चुन्या-सिमेंटनं बांधलेल्या भिंती जिथं होत्या तिथली माणसं जास्त वाचली. मी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगतो की तुमच्या घराची कुठली भिंत राहिली होती. ती मापं, चित्रं घेऊन येतात. कुणाची आजी सांगते की दाराची चौकट लाकडाची होती, तिच्याखाली आम्ही वाचलो. हे कुठल्या राष्ट्रीय व्हिडिओत येणार? येण्याचं कारणही नाही. ते आपणच करायचं.

तेव्हा दुसऱ्याचं वापरायचं की स्वतःचं द्यायचं, हे मला दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. बाहेरचं दाखवलं की त्यातलं काय अपुरं आहे ते वर्ग सांगतो, आणि तिथून आपलं सुरू होतं. जायकवाडीचं पाणीवाटप, बालाघाटातली जमीन, कापसाकडून सोयाबीनकडे गेलेलं शिवार, या सगळ्यांवर आमच्या भागातल्या भूगोलाच्या शिक्षकांकडं वह्याच्या वह्या आहेत.

मी का दिलं नाही आजवर? खरं कारण सांगतो. माझी टिपणं तीस ठिकाणांहून घेतलेली आहेत. कुठला नकाशा कुणाचा, कुठली आकृती कुठल्या पुस्तकातली, आता सांगता येत नाही. वर्गात चालतं. जाळ्यावर टाकलं आणि कुणी नोटीस पाठवली तर? ही धाकधूक माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक शिक्षकाला आहे, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

मांजराकाठ

तेरणाकाठ सर, वाचताना अंगावर काटा आला. किल्लारीचा घटक तुम्ही लिहाच.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण हा ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे.

प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या साहित्याची प्रत केली तर तो भंग मानलेला नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये याच कलमाचा आधार घेतला होता. पण ही सवलत शिकवण्यापुरती. सगळ्या जगासाठी जाळ्यावर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे दुसऱ्याची आकृती जशीच्या तशी नको. उपाय अवघड नाही. माहिती कुणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. आकृती आपल्या हाताने नव्याने काढा, वाक्य आपल्या शब्दांत लिहा, कुठून घेतलं ते खाली नोंदवा. नकाशे-छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवरून घेता येतात, तिथे प्रत्येक चित्राखाली अटी लिहिलेल्या असतात.

@सिंदफणा सर, तुमच्यासाठी दोन कलमं. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे नियोक्त्याकडे जातो. तासिकेवरच्या माणसाला हे कितपत लागू होतं हा वादाचा मुद्दा आहे, म्हणून देण्याआधी एका ओळीचं का होईना लेखी घ्या. पण त्याहून महत्त्वाचं कलम ५७. प्रताधिकार दुसऱ्याकडे गेला तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क जात नाही. त्या पाटीवर तुमचं नाव असायलाच हवं होतं.

पुढे देताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. त्याच्या प्रत्येक प्रकारात नाव देणं ही पहिली अट आहे. गाईडवाले उचलून छापतील ही भीती असेल तर "बिगरव्यावसायिक, तशाच वाटणीने" हा प्रकार घ्या. कुणीही वापरो, बदलो, भाषांतर करो, पण तुमचं नाव ठेवून, विक्रीसाठी नाही, आणि त्याने पुढे ठेवलेलंही तसंच खुलं. एक मात्र ध्यानात असू द्या, हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

युनेस्कोने २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांबद्दल शिफारस संमत केली, तिचा गाभा हाच आहे. शिकवण्यासाठी केलेलं काम इतरांना वापरता, सुधारता आणि पुढे देता यावं.

दुधनाकाठ

बालाघाट यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हजेरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. जी मुलं येऊ शकतात त्यांनी यायलाच हवं, आणि ती येतील असं शिकवणं ही आमची जबाबदारी. पण जी येऊच शकत नाहीत त्यांचा विचार मी या चर्चेत केला नव्हता, हे खरं. त्यांच्यासाठी वर्गाचा आवाज ठेवायला माझी हरकत नाही. आवाजात वर्ग राहतो. नुसत्या टिपणात तो राहत नाही.

मुक्तिसंग्रामावरची माझी व्याख्यानं मी या सत्रात ध्वनिमुद्रित करतो. विद्यार्थ्यांनी घरच्या आठवणी सांगितलेल्या आहेत त्या त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नयेत, तेवढं पाहावं लागेल.

एक विनंती. ठेवण्याआधी दुसऱ्या महाविद्यालयातल्या त्याच विषयाच्या एका शिक्षकाने ऐकावं-वाचावं. मॅडम, तुम्ही वर सहीचं म्हणालात ते खरं आहे. मराठवाड्यातली दोन विद्यापीठं मिळून आठ जिल्हे होतात. बामूकडच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) माणसानं स्वारातीमकडच्याचं पाहावं, आणि उलट. चूक निघाली तर ती आधी आपल्यातच निघेल. इतिहासाचं मी पाहायला तयार आहे, कुणाचंही, कितीही.

पूर्णाकाठ

सर, हे फार चांगलं. भौतिकशास्त्राचं माझ्याकडे पाठवा.

सिंदफणा

मॅडम, कलम ५७ चं माहीत नव्हतं. पीएच.डी.पर्यंत शिकलो, आजवर कुणी सांगितलं नाही. तासिकेवरच्या सगळ्या ग्रुपवर टाकलंय.

मी अर्थशास्त्राचं देतो. चलनवाढीचा तोच घटक पुन्हा पहिल्यापासून बोलतो, परभणी-जालन्याच्या बाजारातले तुरीचे, सोयाबीनचे भाव घेऊन. टिपणं टाइप केलेली आहेत पण श्रीलिपीत. चालेल का? आणि आवाज कुठं ठेवायचा?

मांजराकाठ

चालेल सर. जुन्या फाँटमधलं लिखाण शोधात सापडत नाही, मोबाइलवर नुसती अक्षरं तुटलेली दिसतात, म्हणून ते युनिकोडमध्ये करावं लागतं. ते मी ग्रंथालयात करून घेते, तुम्ही फक्त एकदा नजर घाला. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात.

आवाज एमपी३ मध्ये, एका तासाचे दोन-तीन तुकडे करून, म्हणजे कमी रेंजमध्येही उतरतील. इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवता येतो आणि चढवतानाच परवाना निवडता येतो. खातं तुमच्या स्वतःच्या नावाने उघडा, महाविद्यालयाच्या नव्हे, म्हणजे उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तरी ते तुमच्याकडे राहील. आमच्या पानावर आम्ही दुवा देऊ. फाइलच्या नावात विषय, सत्र, घटक आणि तुमचं आडनाव घाला, आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने आपलं नाव सांगा.